साक्षीदाराचा गुडघा

केतकी शेडगेची सगळी फजिती एका शब्दाने केली. डॉक्टरांनी विचारलं, "गुडघा किती दुखतो?" आणि ती म्हणाली, "थोडासा."

आपल्याकडच्या बायका असंच सांगतात. अंग तापाने फणफणत असलं तरी म्हणायचं, जरा कणकण आहे. कंबर मोडून आली तरी म्हणायचं, चाललंय. घरात विचारणाऱ्याला लांबलचक उत्तर नकोच असतं, म्हणून जिभेला आखूड उत्तराची सवय लागते, आणि मग कधी कोणी खरोखर जाणून घ्यायला विचारलं तरी तोंडातून तेच बाहेर पडतं. केतकी पाटबंधारे खात्यात वरिष्ठ लिपिक होती, ऑफिसात कंत्राटदारांना तोंडावर चार शब्द सुनावायला कमी करायची नाही, साताऱ्यात घाट पळणाऱ्या बायकांमध्ये तिचं नाव होतं. पण सवय ती सवय.

डॉ. शबाना मुजावर यांच्या टेबलावर केतकीचा उजवा गुडघा हवेत तरंगत होता. म्हणजे त्याचं चित्र, खऱ्यापेक्षा चौपट मोठं. हाडांच्या टोकांवर जी गुळगुळीत कूर्चा असते ती आतल्या बाजूने पार झिजली होती आणि हाडाला हाड लागत होतं.

"दहापैकी किती द्याल?" डॉक्टरांनी विचारलं.

"तीन."

"आणि पळणं?"

"थोडं कमी केलंय."

डॉक्टरांनी चष्मा काढून ठेवला. "ताई, हा गुडघा आठाच्या खाली दुखूच शकत नाही. चित्र एक सांगतंय, तुम्ही भलतंच सांगताय. एवढी तफावत असली की मला परस्पर ऑपरेशन ठरवता येत नाही, नियमच तसा आहे. साक्षीदार आणावा लागेल."

"कशाचा साक्षीदार?"

"दुखण्याचा."

सहवेदक यंत्र येऊन तेव्हा तीन-चार वर्षं झाली होती. त्याआधी दुखणं ही अशी गोष्ट होती की सांगणाऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवण्यावाचून इलाज नव्हता. विमा कंपन्यांना ते फार खुपायचं. मग शास्त्रज्ञांनी एक जुनीच गोष्ट नव्याने कामाला लावली. आपल्या नसांत जाड तंतू असतात आणि बारीक तंतू असतात. जाड तंतू स्पर्श आणि हालचाल कळवतात, बारीक तंतू दुखणं कळवतात, आणि दोघांच्या संदेशांचा वेग वेगळा असतो. त्या वेगावरून दुखणं तेवढं गाळून घेता आलं. रुग्णाच्या मांडीला एक पट्टा बांधायचा, तो बारीक तंतूंतले संदेश टिपतो. दुसऱ्या माणसाच्या मांडीला दुसरा पट्टा बांधायचा, तो तेच संदेश त्याच्या तंतूंत सोडतो. त्याच्या मेंदूला वाटतं, आपलाच गुडघा दुखतोय. पट्टा सोडला की खेळ खलास, ना इजा ना व्रण.

यात एक मेख होती. डॉक्टर ती प्रत्येकाला सांगत, पण लक्ष देऊन ऐकत कोणी नसे. गुडघ्यातून निघालेला संदेश दुसऱ्याकडे जातो, पण तो पोचल्यावर रुग्णाचा मेंदू त्याचं काय करतो ते जात नाही. पळणाऱ्याचा मेंदू त्या कळेवर स्वतःच औषध सोडतो, ती श्वासात आणि तालात मिसळून टाकतो, कधीकधी तर ती कळ हवीशीसुद्धा करतो. साक्षीदाराच्या वाट्याला मात्र नुसती कोरडी कळ येते.

साक्षीदार जवळचा नातेवाईकच लागायचा. ज्याने दुखणं स्वतः अनुभवलं त्याच्या मताला उपचार ठरवताना रुग्णाच्या मताइतकंच वजन मिळायचं, आणि दोघांचं पटलं नाही तर कमी जोखमीचा उपाय करायचा असं ठरलं होतं. दुसऱ्याचं दुखणं कळलं की माणूस त्याच्याच बाजूने उभा राहणार, असं नियम करणाऱ्यांना वाटलं असेल. बहुतेक त्यांची लग्नं झालेली नसावीत.

उपाय दोन होते. पहिला असा, की नाकाच्या पडद्यातली कूर्चा नखाएवढी काढायची, प्रयोगशाळेत वाढवायची आणि गुडघ्यात बसवायची. नाकातल्या पेशी चिवट असतात, गुडघ्यातही रुजतात. सहा महिने कुबड्या, वर्षभर व्यायाम, आणि चारात एखाद्याचं फसतं. पण जमलं तर पुन्हा पळता येतं. दुसरा उपाय सोपा होता. गुडघ्याचं दुखणं मेंदूला कळवणारे तंतूच कायमचे बंद करायचे. सकाळी जायचं, संध्याकाळी घरी. दुखणं संपलं, चालाफिरायला हरकत नाही, फक्त पळणं आयुष्यात पुन्हा नाही.

केतकीला पहिला उपाय हवा होता. त्यात तिला विचार करण्यासारखं काही वाटतच नव्हतं.

चाळिशीत एकदा ऑफिसची बस गाठायला म्हणून ती पळाली होती. बस मिळाली नाही, पण पळणं आवडलं. मुलगी ऋचा तेव्हा नुकतीच पुण्याला हॉस्टेलवर गेली होती. केतकी सकाळी समर्थ मंदिराच्या बाजूने निघायची आणि यवतेश्वरचा घाट चढायची. पहिल्या वळणापर्यंत डोक्यात घरची कामं असायची. दुसऱ्या वळणापर्यंत भांडणं, तीही जुनी जुनी, तेव्हा सुचली नव्हती ती उत्तरं आता सुचायची. मग गुडघा किंवा पोटरी किंवा छाती बोलायला लागायची, ती दात खाऊन पुढे जायची, आणि तिसऱ्या वळणावर अचानक डोकं रिकामं व्हायचं. सासूबाई नाहीत, साहेब नाहीत, नवरा संग्राम नाही, केतकीसुद्धा नाही. उरलेल्या दिवसात ती सगळ्यांची कोणी ना कोणी असायची. तेवढी पंधरा-वीस मिनिटं ती कोणाचीच नसायची, आणि त्यासाठी नाक काय, तिने कानही कापून दिला असता.

साक्षीदार म्हणून संग्रामला विचारलं तेव्हा तो लगेच उठून उभाच राहिला. "अगं, विचारतेस काय? मी आहे ना!" पोवई नाक्यावर त्याचं पाण्याच्या पंपांचं दुकान होतं. मोठ्या आवाजाचा, मोठ्या मनाचा माणूस, कोणाच्याही अडीनडीला धावणारा. केतकीचं पळणं त्याला कधी कळलं नव्हतं, पण त्याने कधी अडवलंही नव्हतं. स्पर्धेच्या दिवशी तो दुकानातल्या पोरांना घेऊन टाळ्या वाजवायला हजर असायचा.

चाचणीच्या खोलीत केतकी ट्रेडमिलवर पळत होती आणि संग्राम आरामखुर्चीत पट्टा बांधून, डोळे मिटून बसला होता. यंत्र चालवणारी मुलगी म्हणाली, "काका, मी दहा-दहा टक्क्यांनी वाढवत नेते. नको झालं की सांगा."

दहावर तो म्हणाला, "हं, ठणकतंय." विसावर त्याने ओठ आवळले. तिसावर त्याने खुर्चीचा हात धरला आणि ओरडला, "बास! आई गं! बास, बास!"

मुलीने यंत्र थांबवलं. "झाली साक्ष," ती म्हणाली. नियमाला तेवढं पुरेसं होतं.

संग्रामच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. तो तसाच उठला, त्या मुलीसमोरच त्याने केतकीचे दोन्ही खांदे धरले आणि म्हणाला, "हे घेऊन तू पळतेस? रोज? अगं, मला कधी बोलली का नाहीस?" केतकीने समोरच्या स्क्रीनवर आकडा पाहिला होता, त्याने डोळे मिटलेले असल्यामुळे पाहिला नव्हता. सांगायला हवं होतं. पण लग्नाला इतकी वर्षं झाली, दोन बाळंतपणं झाली, त्यातलं एक वाया गेलं, आणि तिच्या दुखण्यासाठी कोणी रडलेलं ती पहिल्यांदा पाहत होती. तिला भरून आलं. ती गप्प राहिली.

घरी गेल्यावर सासूबाईंनी तेल कोमट केलं. केतकी पाय पसरून बसायला लागली, तर तेलाची वाटी संग्रामकडे गेली.

"कुठलं ते मेलं यंत्र! माझ्या लेकराला घातलं त्यात," म्हणत त्या मुलाचा गुडघा चोळू लागल्या. "हिची अक्कल गुडघ्यात होती ते म्हाईत होतं. आता म्हणं नाक पण गुडघ्यात बसवायचं!"

"आई, पट्टा सोडला तेव्हाच थांबलं ते," संग्राम म्हणाला, पण पाय काही त्याने काढून घेतला नाही.

मग भेटायला माणसं येऊ लागली. सहवेदकात बसून आलेला तो आळीतला पहिलाच. शेजारचे गुजरकाका चिकू घेऊन आले, दुकानातली पोरं आली, साडू सपत्नीक आले. संग्राम सोफ्यावर उशीला टेकून सांगायचा. सुरुवातीला त्याच्या सांगण्यात गुडघ्यात सुई टोचली होती, मग सुऱ्या झाल्या, आठवड्याने कोणीतरी आतून कानस फिरवत होतं. खोटं तो बोलत नव्हता. जे आठवत होतं ते सांगता सांगता वाढत होतं, एवढंच. केतकी स्वयंपाकघर ते बैठक असा चहा नेत होती, दर खेपेला उंबऱ्यावर गुडघ्यातून कळ निघत होती, आणि पाहुण्या बायका तिला म्हणत होत्या, "नशीबवान आहेस बाई. असा नवरा दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही."

पाहुण्यांची वर्दळ ओसरल्यावर एका रविवारी जेवताना संग्रामने विषय काढला. "मी सगळा विचार केलाय. ते नाकाचं नको. तंतू बंद करून टाकू. त्याच दिवशी घरी."

"मग पळता येणार नाही," केतकी म्हणाली.

"पळायचंय कशाला आता? केतकी, मी अनुभवलंय ते. तुला नाही कळायचं."

"मला नाही कळायचं?"

"तुला सवय झालीये. मला ते नव्याने कळलंय ना, म्हणून सांगतो. माणसाने सोसावं असं नाहीये ते."

"पळताना ते वेगळं लागतं. तुम्ही खुर्चीत बसला होता."

"दुखणं ते दुखणं गं. खुर्चीतलं काय नि रस्त्यावरचं काय?"

शेवटी तिने इतके दिवस गिळून ठेवलेलं काढलं. "तुम्हाला तीसच टक्के दिलं होतं."

सासूबाईंचा घास हातातच राहिला.

"किती?" संग्रामने विचारलं.

"तीस. शंभरातलं. तुम्ही बास म्हणालात, म्हणून तिने थांबवलं. मी स्क्रीनवर पाहिलं."

त्याचे कान लाल झाले. मान खाली घालून तो वाटीतली आमटी ढवळू लागला. केतकीला वाटलं, झालं, सुटला प्रश्न. आता हा म्हणेल, तुझं दुखणं, तूच ठरव. आणि संग्रामने मान वर केली तेव्हा पुन्हा त्याचे डोळे भरलेले होते.

"तिसात माझी ही गत झाली," तो म्हणाला. "आणि तू शंभर घेऊन पळतेस. हे कळल्यावर मी तुला पळू देईन? माणूस आहे का कसाई?"

"बघ, किती जीव आहे त्याचा," सासूबाई म्हणाल्या आणि घास तोंडात घातला.

केतकीच्या हातात तेवढं एकच शस्त्र होतं. ते त्याने इतक्या प्रेमाने काढून घेतलं की भांडायलाही जागा उरली नाही. मारकुटा नवरा असता तर बाईला निदान माहेरी जाता येतं. रडणाऱ्या नवऱ्याविरुद्ध कुठे जायचं? दुसऱ्या दिवशी ऋचाचा फोन आला, "आई, बाबा फोनवर रडले गं. त्यांना खरंच त्रास होतोय. ऐक ना त्यांचं." मुलगीसुद्धा त्याच्याच पारड्यात जाऊन बसली.

ती एकटीच डॉ. मुजावरांकडे गेली.

"गुडघा तुमचा, नाकही तुमचं," डॉक्टर म्हणाल्या. "माझ्या हातात असतं तर उद्या ऑपरेशन केलं असतं. पण साक्षीदार नाही म्हणतोय. समितीपुढे गेलात तरी कमी जोखमीचाच उपाय मिळणार. पहिल्या दिवशी तीन ऐवजी आठ म्हणाला असतात ना, तर साक्षीदाराची गरजच पडली नसती."

केतकीने मान हलवली. मग विचारलं, "तंतू बंद केले आणि तरी पळाले, तर?"

"दुखणार नाही. म्हणूनच पळायचं नाही. हाडावर हाड घासत राहील आणि तुम्हाला पत्ताही लागणार नाही. दोन वर्षं, फार तर तीन. मग सांधा भुगा होईल आणि पूर्ण बदलावा लागेल."

"आणि जपून वापरला तर?"

"वीस वर्षं सहज निघतील." डॉक्टरांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. "ताई, तुमच्या डोक्यात काय चाललंय?"

"काही नाही," केतकी म्हणाली. "बंदच करा तंतू."

घरी जाऊन तिने संग्रामला सांगितलं की तुमचंच खरं. तो उठून गेला आणि कंदी पेढे घेऊन आला. ऑपरेशनच्या दिवशी तो दिवसभर खोलीबाहेर बसून होता. तिला बाहेर आणल्यावर त्याने विचारलं, "दुखतंय?" ती म्हणाली, "नाही." खरंच दुखत नव्हतं. तिचा गुडघा पहिल्यांदाच तिच्याशी काहीही बोलत नव्हता.

महिन्याभराने, तो दुकान उघडायला गेल्यावर, ती घाटाला लागली. ऑफिसात तिने उशिरा यायची परवानगी मागून घेतली होती.

पहिलं वळण, दुसरं वळण. कळेशिवाय पाऊल आपलं नसल्यासारखं वाटत होतं, खाली बघून खात्री करावी लागत होती. गुडघ्यातून आवाज येत होता, जात्यात खडा आल्यासारखी खरखर, पण ती नुसती कानाला. तिसरं वळण आलं. ती वाट बघत होती. डोकं रिकामं झालं नाही. आमटीला फोडणी द्यायची राहिलीये, हा विचार तिच्याबरोबर तिसरं वळण ओलांडून वर आला. कळ नाही म्हणजे मेंदूने औषध तरी कशावर सोडायचं? ती आणखी वर गेली, सगळी वळणं संपवून पार यवतेश्वरच्या देवळापर्यंत, आणि तिथे कुठे थोडा वेळ तिला हवं ते मिळालं. पुढच्या महिन्यात त्यासाठी देवळाच्याही पुढे जावं लागलं. पूर्वी तिसऱ्या वळणावर मिळायचं ते आता दर महिन्याला वर वर सरकत होतं, म्हणून ती रोज आणखी पुढे जात होती. हा सौदा आपण काय भावाने करतोय ते तिला कळत होतं, आणि संताप यायचा. मग त्या संतापाच्या भरात तिचा वेग वाढायचा.

वर्षभर कोणाला पत्ता लागला नाही. मग एके दिवशी संग्राम कासच्या बाजूला एका गिऱ्हाइकाचा पंप बघून स्कूटरवरून घराकडे येत होता आणि देवळाच्या पुढच्या सपाटीवर बायको त्याला समोरून पळत येताना दिसली. त्याने स्कूटर कडेला लावली. ती थांबली.

तिचा उजवा गुडघा टम्म सुजला होता, चकाकत होता, आणि पाय गुडघ्यापासून बाहेरच्या बाजूला वाकला होता. घरात ती सैल सलवार घालायची.

"केतकी! अगं, हे काय?"

"पळतेय."

"दुखत नाही?"

"नाही."

"अगं, पण संपेल ना तो गुडघा!"

"हो. आणखी एक वर्ष, फार तर दोन. डॉक्टर म्हणाल्या होत्या."

"तुला माहीत होतं?"

"ऑपरेशनच्या आधीपासून."

संग्राम रस्त्याकडेच्या कठड्यावर मटकन बसला. "मग मी एवढं कशासाठी केलं?" तो म्हणाला. "तुझ्यासाठीच केलं ना? त्या पट्ट्यात बसलो, आईला समजावलं, ऋचाला समजावलं. कशासाठी?"

केतकी धापा टाकत उभी होती. तिला त्याची दया आली, आणि दया आली याचाही राग आला. चाचणीच्या खोलीत भरून आलं होतं तेव्हा गप्प बसून तिने काय मिळवलं होतं?

"तुम्हाला सोसवत नव्हतं म्हणून केलं," ती म्हणाली. "मला सोसवत होतं. माझा गुडघा बरा झाला असता, वर्ष लागलं असतं, कदाचित फसलंही असतं. पण तुम्हाला तेवढा वेळ माझ्याकडे बघवलं नसतं. आता तुमचं दुखायचं थांबलं ना? मग झालं तर."

 संग्रामने बसल्या बसल्याच स्कूटरच्या मागच्या सीटवरून हात फिरवून धूळ पुसली. "बस मागे," तो हलक्या आवाजात म्हणाला. "घरी जाऊ. डॉक्टरांना दाखवू. नाकाचं करायचं तर नाकाचं करू. मी सही देतो."

"आता नाही होत ते," केतकी म्हणाली. "बसवायला खाली चांगलं हाड लागतं."

ती वळली आणि घराकडे न जाता पुन्हा चढाला लागली. संग्राम धडपडत उठला. आयुष्यभराच्या सवयीने तोंडात आलं तेच तो ओरडला, "केतकी, थांब! दुखेल गं!"

तेवढं एक सोडून त्या गुडघ्याचं आता काहीही होऊ शकत होतं.